पाठवणीची दुसरी कॅसेट

पंगतीच्या बाजूला स्टीलच्या ताटांची चळत कोसळली आणि मांडवातल्या सगळ्या माना एकदम तिकडं वळल्या. शिवकांताला नेमकं हेच हवं होतं. तिनं कॅसेट मागं नेली, पुन्हा चालवली. पुन्हा तोच खणखणाट, पुन्हा त्याच माना. आता हाच आवाज दुसऱ्या कॅसेटमध्ये सापडला, की दोन्ही कॅसेटी तिथं जुळवून एकदम सोडता येणार होत्या. लग्न तिच्याच मुलीचं, शिवानीचं. वैशाखात झालं होतं आणि आता आषाढ संपत आला तरी कॅसेट तयार नव्हती. अंबाजोगाईच्या मंडीबाजारात मृत्युंजयचं, तिच्या धाकट्या भावाचं, व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. परक्यांच्या लग्नाच्या कॅसेटी तो वेळेवर द्यायचा. घरचीच मागं पडली होती. शिवकांता वर्षभर दुपारची त्याच्या दुकानात येऊन बसायची आणि पाहून पाहून हे काम शिकली होती. शेवटी तीच म्हणाली, "मी करते. माझ्याच लेकीचं लग्न हाय."

लग्नात दोन कॅमेरे होते. एक मृत्युंजयचा, स्टेजच्या कडेला तिकाटण्यावर. दुसरा परळीहून बोलावलेल्या पंडितचा, खांद्यावर, मांडवभर हिंडणारा. पहिली कॅसेट एका व्हीसीआरवर, दुसरी दुसऱ्यावर, मध्ये मिक्सर, आणि त्यातून जे निवडाल ते तिसऱ्या कोऱ्या कॅसेटवर उतरणार. या कॅमेऱ्यात अक्षता उधळल्या तर त्या कॅमेऱ्यात त्या डोक्यावर पडायला हव्यात, नाहीतर बघणाऱ्याला कुठंतरी खटकतं. पण पंडितच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ मृत्युंजयच्या कॅमेऱ्यातल्या घड्याळाशी जुळत नव्हतं. त्यात तो मध्येच कॅमेरा बंद करायचा, मध्येच चालू करायचा. मृत्युंजय अशा वेळी फोटोग्राफरच्या फ्लॅशचा पांढरा झटका शोधायचा. तो दोन्हीकडं एकाच क्षणी उमटतो. इथं मात्र पंडित बँडवाल्यांपाशी गेलेला, त्याच्याकडं फ्लॅश पोचलाच नव्हता. म्हणून आवाज. दुकानात रंगीत टीव्ही एकच होता. त्यावर मृत्युंजयच्या कॅसेटचं चित्र यायचं, किंवा मिक्सरवर बटण दाबून निवडाल ते. पंडितच्या कॅसेटसाठी बाजूला हातभर लांब एक छोटा काळापांढरा टीव्ही होता, मुंग्या आलेला. त्याच्याकडं ती फारसं बघायची नाही, त्याचा आवाज तेवढा ऐकायची.

ताटं पडत होती आणि ती रंगीत पडद्यावरच्या माना बघत होती. कितीदा पाहिल्यावर कोण जाणे, तिला न वळलेली मान दिसली. डाव्या हाताला, खुर्चीवर, गुलाबी फेटा बांधलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तिचा नवरा, बसवेश्वर. मोंढ्यातले आडत व्यापारी, सगळ्यांचे आप्पा. ती मनात हसली. हसण्यासारखं काही नव्हतं तरी. जग उलटंपालटं झालं तरी हा माणूस ढुंकून बघायचा नाही, हे तिला नवं नव्हतं. तिनं कॅसेट मागं नेली ती दुसऱ्याच कामासाठी, पण नजर तिथंच राहिली. ताटं पडली. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं दचकलं. जंगमस्वामी बोलता बोलता थांबले. आणि आप्पांच्या पापणीलासुद्धा काही झालं नाही. शिवकांतानं पॉज दाबला. चित्र थरथरत उभं राहिलं. माणूस मान धरून ठेवू शकतो, तिला वाटलं. गर्व असला, राग असला, तर मान धरून ठेवता येते. पण पापणी कशी धरून ठेवणार?

हा प्रश्न फार लहान होता आणि तो जाईना. तिनं चहा करून घेतला. खाली रस्त्यावर हातगाडीवाला ओरडत गेला, तेव्हा तिनं आपलीच पापणी हलते का ते पाहिलं, आणि असं मुद्दाम पाहता येत नाही हे तिच्या लक्षात आलं. मग पुन्हा खुर्चीवर बसून ती लग्न बघायला लागली, पण आता ते मुलीचं लग्न राहिलं नव्हतं. ती एका माणसाच्या मागावर होती. मृत्युंजयच्या कॅसेटमध्ये त्या माणसाचा चेहरा होता, पंडितच्या कॅसेटमध्ये त्याच्या आसपासचे आवाज होते, आणि दोन्ही जुळवून सोडल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं. दर थोड्या वेळानं एक मशीन मागं पडायचं. ती पुन्हा मागं जायची, पुन्हा जुळवायची. पाहुणे आत येताना आप्पांच्या डावीकडून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, आमी आलो बरं का," आणि आप्पा समोर बघत राहिले. तो माणूस क्षणभर उभा राहिला आणि तोंड पाडून पुढं गेला. उजवीकडून त्यांच्या चुलतभावानं, सटवानं, अगदी हलक्या आवाजात काही विचारलं, तर ते लगेच वळले. फटाका डावीकडं फुटला, काही नाही. उजवीकडं साधी खुर्ची सरकली, त्यांनी पाहिलं. शिवकांता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर उजेड अजून भरपूर होता आणि तिला उगीचच वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत.

मोंढ्यात त्यांना मगरूर म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरचेही म्हणायचे. ती स्वतः शब्दानं कधी म्हणाली नव्हती, पण तिच्या मनात त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं, आणि त्याला नाव नव्हतं. एकाच घरात राहून तुम्ही बोलता आणि समोरचा माणूस भिंतीकडं बघत राहतो, तेव्हा जे आत साचतं ते. पहिल्या काही वर्षांत असं नव्हतं. तेव्हा ते बोलायचे, चेष्टा करायचे, तिच्या हसण्याची नक्कल करायचे. मग कधीतरी ते थांबलं, आणि ते नेमकं कधी थांबलं हे तिनं पुष्कळदा शोधून पाहिलं होतं. धर्मापुरीचं देऊळ पाहून येतानाची ती एसटी तिला नेहमी आठवायची. शिवानी तेव्हा सातवी-आठवीत, मागच्या सीटवर झोपलेली. शिवकांता खिडकीशी, ते शेजारी. आठ दिवस मनात घोळवलेलं वाक्य तिनं घाट चढताना उच्चारलं होतं, खिडकीतून बाहेर बघतच: "मला बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. व्हायचंय. अंबाजोगाईत एवढी कॉलेजं हायेत, पोरी रोज दारावरून जातात. देऊ का?" मग तिनं वाट पाहिली. ते समोरच्या सीटच्या दांडीवर हात ठेवून पुढं बघत होते. एसटी घाट चढून सपाटीला लागली, कंडक्टर दोनदा येऊन गेला, आणि त्यांनी मानही हलवली नाही. नाही म्हणाले असते तर ती भांडली असती. त्यानंतर तिनं त्यांच्याकडं स्वतःसाठी काही मागितलं नाही. आज दुकानात बसून तिनं ती एसटी पुन्हा डोळ्यांपुढं आणली आणि त्यात एकच गोष्ट बघितली: खिडकी. खिडकी डाव्या बाजूची होती. ती त्यांच्या डावीकडं बसली होती.

घरी गेल्यावर ती काहीच बोलली नाही. जेवायला वाढताना डावीकडून, रोजच्या आवाजात म्हणाली, "भात वाढू?" आप्पा भाकरी मोडत राहिले. ती उठून पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं पलीकडं गेली आणि उजवीकडून, आणखी हळू म्हणाली, "भात?" "थोडा," आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा गड्याबरोबर न धाडता ती स्वतः मोंढ्यात गेली आणि हर्रास बघत उभी राहिली. तुरीच्या ढिगाभोवती खरेदीदार बोली पुकारत होते. आप्पा दुकानाच्या ओट्यावर खांबाला लागून उभे होते, नेहमीसारखे, डावा खांदा खांबाला टेकवून. त्या उभं राहण्याला ती रुबाब समजत आली होती. आता तिला दिसलं, की खांबाच्या बाजूनं कुणाला येताच येत नाही. जो येईल तो उजवीकडूनच येईल. आणि डोळे सतत पुकारणाऱ्यांच्या ओठांवर. ती इतका वेळ त्यांच्याकडं बघत राहिली, की शेजारी तूर निवडणारी बाई हसली. स्वतःचं लग्न झालं त्या वर्षानंतर आपण या माणसाला असं बघितलंच नव्हतं, असं तिच्या मनात आलं. दया वगैरे नव्हती. एखादं कुलूप रोज हाताळावं आणि एक दिवस त्याला दुसरीही किल्ली लागते हे कळावं, तसं तिला झालं होतं, आणि ती किल्ली फिरवून बघण्याची एक उतावीळ खाज बोटांत होती. तिची तिलाच थोडी लाज वाटली.

आषाढी अवसेला मोंढा बंद असतो. त्या दुपारी आप्पा आपणहून मृत्युंजयच्या दुकानाचा जिना चढून वर आले. "लोक विचारायलेत कॅसेटीचं. कुठवर आलं?" मृत्युंजय कोऱ्या कॅसेटी आणायला लातूरला गेला होता. शिवकांतानं त्यांना खुर्ची दिली आणि आपलं स्टूल उचलून त्यांच्या उजवीकडं आणलं. तिथं जागा कमी होती, मिक्सरपाशी हात लांबवावा लागत होता. आप्पांनी स्टुलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिनं कॅसेट चालू केली. मांडव, माणसं, स्वामी. ताटं पडली.

"ही ताटं पडली तवा तुम्हाला ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. तिनं प्रश्न विचारला नव्हता.

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. त्यांनी ऐकलंय हे तिला माहीत होतं, आणि ही गोष्ट नवी होती. त्यांच्या गप्प राहण्यातला फरक तिला पहिल्यांदाच कळत होता.

"कधीपासून?"

"लहानपणापासून पाणी यायचं कानातून," ते म्हणाले. "शिवानी शाळेत जायला लागली तवापासून कमी कमी होत गेलं. सोलापूरला गेलतो दाखवायला. मालाच्या कामाला जातो म्हून सांगून गेलतो. डॉक्टर म्हणला, डावा गेला. उजव्यात बी जवळचंच येतं, तेवढा सांभाळा."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं."

"मोंढ्यात बी कळलं असतं. हर्राशीत उभा राहणारा आडत्या बहिरा हाय म्हणल्यावर शेतकरी माल आणंल का माझ्याकडं?"

"मी मोंढ्यात सांगायला जाणार होते का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पैल्यांदा सांगायचं ऱ्हाऊन गेलं. मग लई दिवस झाले. मग वाटलं, हिला ठाऊक असंल."

तिला संताप आला. आणि त्याच वेळी तिला कळेना, की तो कुठं ठेवायचा. जुना राग होता तो एका माणसाच्या बेपर्वाईवर होता, आणि तो माणूस तर तसा नव्हताच. आणि जो होता, त्यानं तिला वर्षानुवर्षं भिंतीशी बोलू दिलं होतं. एसटीतली गोष्ट तिच्या जिभेवर आली. सांगितली, तर ते काय म्हणतील? हो म्हणालो असतो, म्हणतील. खरं असेल किंवा नसेलही. त्या वेळी ऐकू आलं असतं तर कदाचित नाहीच म्हणाले असते, आणि हे आता कुणालाच कळणार नव्हतं, त्यांना स्वतःलासुद्धा. तिनं ते वाक्य गिळलं. ते तिचं एकटीचं होतं, आणि आज पहिल्यांदा ते तिला जड वाटलं नाही. नुसतं विचित्र वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात सापडलेल्या आपल्या लुगड्यासारखं.

"एक ऐकायचंय तुम्हाला," ती म्हणाली. तिनं कॅसेटी पाठवणीपर्यंत पुढं नेल्या. हा भाग तिनं आदल्या दिवशी जुळवून ठेवला होता. रंगीत पडद्यावर मृत्युंजयच्या कॅसेटीतलं चित्र: जीपचं उघडं दार, हळदीच्या पिवळ्या हातांनी शिवानी बापाच्या गळ्यात पडलेली, आप्पा ताठ उभे, समोर बघत. या कॅसेटीत आवाज नुसता बँडचा होता. शिवकांतानं तो बंद केला आणि पंडितच्या कॅसेटीचा आवाज मोठा केला. पंडित मुलीच्या पाठीशी अगदी जवळ उभा होता. रंगीत पडद्यावर शिवानीनं बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि काळ्यापांढऱ्या टीव्हीतून तिचा आवाज आला, रडून घोगरा झालेला: "आप्पा, मला न्यायला तुमीच या. मामाला धाडू नका."

पडद्यावरचे आप्पा समोर बघत होते. त्यांनी मुलीच्या पाठीवर दोनदा थोपटलं, जसं कुणाच्याही थोपटतात. शिवानीनं मान मागं घेऊन त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, थोडी थांबली, आणि जीपमध्ये बसली.

खुर्चीवरचे आप्पा म्हणाले, "पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. ते पुढं वाकले, उजवा कान त्या छोट्या टीव्हीकडं करून. हा एक शब्द, तो एक शब्द, असं ते ऐकत होते. मुलीला सासरहून, नेकनूरहून आणायला ज्येष्ठात मृत्युंजयच गेला होता. मामानंच जायचं, त्यात काही चुकलं असं कुणालाच वाटलं नव्हतं. शिवानी आली, चार दिवस राहिली, आणि बापाजवळ बसली नाही. ते ओसरीवर आले की ती आत जायची. शिवकांतानं खोदून खोदून विचारलं होतं: सासू बोलते का, जावई कसे आहेत. "काही न्हाई गं आई," एवढंच तिचं उत्तर. ती गेल्यावर आप्पा एकदाच म्हणाले होते, "पोरगी परकी झाली." आता तेच आठवत असावेत. त्यांचा हात गुडघ्यावर नुसता उघडा पडला होता.

"पंचमीला मी जातो," ते म्हणाले. "कुणाला धाडू नको. सकाळची केजची गाडी धरतो, तिथून नेकनूर."

"तिला कानाचं सांगाल का?"

आप्पांनी गुडघ्यावरचा हात मिटला. मग म्हणाले, "सांगावं लागंल. न्हाईतर ती म्हणंल, आता कावून आलात."

आप्पांनी पडद्याकडं बोट केलं, जिथं ते स्वतः थांबून राहिले होते. "हे मात्र काढ. नेकनूरचे पावणे बघतील, मोंढ्यातले बघतील. पोरगी कानात बोलायलीय अन् बाप दगडावानी उभा. कुणीतरी एकजण वळखंलच. कॅसेट घरोघर फिरती."

ते खरं होतं. ती स्वतः ओळखू शकली, तर दुसरंही कुणी ओळखेल. "काढते," ती म्हणाली. "तेवढ्या वेळापुरतं पंडितचं चित्र टाकते." तिनं दोन्ही कॅसेटी मागं घेतल्या, दोन्ही पॉज एकदम सोडले, आणि शिवानी बापाच्या कानाकडं वाकली तसं मिक्सरवरचं दुसरं बटण दाबलं. रंगीत पडद्यावर पंडितच्या कॅमेऱ्यातलं चित्र आलं.

त्यात शिवानीचा खांदा होता, शालूची जर होती, आप्पा चौकटीच्या बाहेर राहिले होते, आणि त्या खांद्याच्या वर, अगदी मधोमध, शिवकांताचा चेहरा होता. छोट्या टीव्हीवर तिला एवढंच दिसलं होतं, की तिथं आपण उभ्या आहोत. आता रंगात, मोठा, तो समोर आला. आजूबाजूच्या सगळ्या बायका रडत होत्या. ती रडत नव्हती. ती नवऱ्याकडं बघत होती. मुलगी बोलून मागं झाली, नवऱ्यानं काही उत्तर दिलं नाही, आणि त्या चेहऱ्यानं ओठाची एक कड खाली ओढली, डोळे किंचित बारीक केले. तिला धक्का बसलेला नव्हता. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तिला बरं वाटत होतं. शिवकांतानं असा चेहरा कधी आरशात पाहिला नव्हता. आरशासमोर माणूस असा चेहरा करत नाही. आणि आप्पांनी तो पाहिला असणार, कान नसला तरी डोळे होते, दुपारी, सकाळी, भात वाढताना, किती वर्षं. तिनं पॉज दाबला. चेहरा थरथरत थांबला.

तिनं बाजूला पाहिलं. आप्पा चेहऱ्याकडं बघत होते, ओळखीच्या माणसाकडं बघतात तसे. त्यांना काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला हे नको असंल तर दुसरं काही टाक," ते म्हणाले.

"दोनच कॅमेरे होते," ती म्हणाली. "तुम्ही न्हाईतर मी."

मृत्युंजय अशा अडचणीच्या जागी गुलाबाचं फूल टाकायचा. मिक्सरमध्ये ते तयारच होतं, उमलत उमलत सगळा पडदा भरून टाकणारं. बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. ती थोडा वेळ त्या बटणावर अंगठा ठेवून बसली. नेकनूरला, मोंढ्यात, माहेरी, जिथं जिथं ही कॅसेट लागेल तिथं बायका म्हणतील, लेक चाललीय अन् आई बघा कशी उभीय. त्यांना कारण कळणार नाही. शिवानीला कदाचित कळेल, पंचमीनंतर. तिनं अंगठा उचलला, दोन्ही कॅसेटी मागं नेल्या, कोऱ्या कॅसेटीचं लाल बटण आणि प्ले एकत्र दाबलं आणि दोन्ही पॉज सोडले. मुलगी वाकली. शिवकांतानं पंडितचं बटण दाबलं, आणि तिचा चेहरा तिसऱ्या कॅसेटीवर उतरू लागला.

"बँड लावू का वरून?" तिनं विचारलं. "म्हणजे बोललेलं कळायचं न्हाई कुणाला."

"नको," आप्पा म्हणाले. "तिचा आवाज ऱ्हाऊ दे."

तिनं राहू दिला.